मनासारखं वाईट पुस्तक

नाही, पण हाताला धरून बाहेर काढायचं म्हणजे काय हो? मी काय चोर? दारू पिऊन आलो होतो? तुम्हाला सांगतो, उभ्या आयुष्यात मी कुणाला माझा हात धरू दिला नाही, रस्ता ओलांडताना बायकोलासुद्धा सांगतो, तू तुझी चाल, मी माझा चालतो... आणि तो वाचनालयाचा शिपाई, मिसरूड नीट फुटलेलं नाही, तो येतो आणि सरळ दंडाला धरतो! "चला आजोबा, बाहेर चला. बाहेर बसून काय ते ओरडा." बाहेर बसून कशाला ओरडू? ते पुस्तक बाहेर आहे का?

हो, पुस्तकावरच ओरडत होतो. माणसावर नाही. एका पुस्तकाला रद्दी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, मान्य. पण रद्दीला हळू आवाजात रद्दी कसं म्हणायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. आणि मनासारखं वाईट पुस्तक मिळणं किती अवघड असतं, ते त्या शिपायाला काय माहीत!

थांबा, नीट सांगतो. तुम्ही म्हणाल, हा सुतार, रंधा मारून हात राठ झालेला, शाळेत फार दिवस टिकला नाही, ह्याचं पुस्तकाशी काय वाकडं? माझं काहीच वाकडं नाही! वाकडं होतं ते धाकट्याचं. माझा धाकटा भाऊ. पाणीखात्यात नकाशे काढायचा. नळ कुठून निघाला, कुठे वळला, कुठे फुटला, सगळं कागदावर. आणि घरी आला की लढाऊ विमानं! खरी नाहीत हो, पुस्तकातली. जुन्या लढायांतली. दोन मजली पंखांची, जेटची, बॉम्ब टाकणारी, नुसती टेहळणी करणारी... आयुष्यात मुंगी मारली नाही त्यानं. घरात झुरळ निघालं तर पुठ्ठ्यावर घेऊन अंगणात सोडायचा, वर त्याला म्हणायचा, "जा." असला माणूस, आणि वेड कसलं, तर मशीनगन नाकात बसवली होती की पंखात! स्वतः विमानात कधी बसला नाही. मी म्हटलं, "अरे, एवढं आहे तर एकदा तिकीट काढ." तर म्हणतो, "प्रवासी विमान? दादा, त्यात काय बघायचं?" जसं काही मी त्याला हातगाडीवर बस म्हणालो.

आणि तुम्हाला सांगतो, विमानांपेक्षाही त्याचा जीव पुस्तकांवर. वाचण्यावर नाही, तपासण्यावर! ती संदर्भाची जाडजूड पुस्तकं असतात ना, कुठलं विमान कधी बांधलं, किती बांधली, इंजिन कुठलं, कोणत्या तुकडीनं उडवलं. लोक घेतात आणि कपाटात लावतात. हा पुस्तकाला आरोपीसारखं समोर बसवायचा. पहिलं पान उघडायचाच नाही. सुरुवात मागून. "दादा, आधी शेवट बघायचा. ही माहिती कुठून आणली, त्याची यादी आहे? नसेल तर ह्यानं ती कट्ट्यावर बसून ऐकली असं समज." मग फोटो. कुणी काढला, कधी काढला, खाली लिहिलंय? की नुसतंच 'विमान आकाशात झेपावताना'? "आकाशात नाही तर काय विहिरीत झेपावणार?" मग आकडे. आकडे गोल गोल असले की ह्याच्या कपाळाला आठी. एका पुस्तकात होतं, बांधली पाचशे, पडली शंभर, उरली चारशे. म्हणाला, "विमानं आहेत का अंडी?"

आणि आकृत्या. हे मात्र मलाही पटायचं. बाजूनं काढलेली आकृती आणि वरून काढलेली आकृती, दोन्हीत लांबी एकच यायला हवी. त्यात शिकण्यासारखं काय आहे? पलंग वरून बघा नाहीतर बाजूनं बघा, पलंग तेवढाच! हा कागदाची पट्टी घेऊन मोजायचा, आणि पट्टी जुळली नाही की एकच शब्द. "रद्दी!" तीनच निकाल होते त्याचे. 'ठेव', 'बघू' आणि 'रद्दी'. ठेव म्हणाला की मी फळी ठोकायची. बघू म्हणाला की ते टेबलावर पडून राहायचं. आणि रद्दी म्हणाला की त्याच दिवशी घराबाहेर, मग ते कितीही चकचकीत असो. त्याची बायको म्हणायची, "अहो, चित्रं तरी छान आहेत." "चित्रं छान आहेत म्हणूनच बाहेर! लोक फसतात!"

एकदा तर त्यानं मला चूक कशी चालत येते ते दाखवलं. एका पुस्तकात कुणीतरी कुठल्याशा इंजिनाची ताकद चुकीची छापली. दुसऱ्यानं ते बघून छापलं. तिसऱ्यानं दुसऱ्याचं. तिन्ही पुस्तकं माझ्यापुढे उघडी ठेवून म्हणतो, "बघ दादा, आजोबांचं नाक नातवाला आलंय की नाही?"

मी म्हटलं, "अरे, पण एखादा आकडा इकडचा तिकडे झाला म्हणून कुणाचं काय बिघडलं? लढाई कधीच संपली." तेव्हा चिडला नाही तो. चष्मा पुसत राहिला. म्हणाला, "दादा, ती विमानं आता आहेत कुठे? काही पडली, काही बुडाली, राहिली ती भंगारात वितळवली, त्यांची पातेली झाली. आता ती फक्त पुस्तकात आहेत. तिथंही चुकीची छापली तर मग ती नव्हतीच कधी."

मी म्हटलं, चहा घे.

तर असा माणूस. आणि त्याला तो विसरण्याचा आजार झाला.

सुरुवातीला आम्ही हसलो. किल्ली फडताळात ठेवली, दूध उतू गेलं, म्हटलं होतं असं. मग एक दिवस कचेरीच्या रस्त्याला लागला. निवृत्त होऊन किती काळ लोटला होता, आणि हा डबा घेऊन निघाला! डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्या म्हणाल्या, "आधी कालचं जातं, मग परवाचं. जे आयुष्यभर केलं ते बराच काळ टिकतं." मी विचारलं, "औषध?" म्हणाल्या, "आहे, पण..." आणि त्या पणच्या पुढे काही बोलल्याच नाहीत, लिहीत राहिल्या. शिकलेल्या माणसांचं हे बरं असतं, पुढचं बोलायचं नसलं की लिहितात.

मग तो मला 'अहो' म्हणायला लागला. मला! "अहो, बसा ना." ज्याला मी सायकल शिकवली, ज्याचं नाक पुसलं, तो मला खुर्ची देतो! मी बसायचो. काय करणार? माणूस इतक्या अदबीनं बस म्हणतो तर उभं कसं राहायचं?

तुम्हाला सांगतो, एक दिवस कोपऱ्यावरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानात मी चुका, म्हणजे बारके खिळे, घ्यायला... बघा, हे असं होतं डोक्याचं, चुका त्या दुकानात कशाला मिळतील? शिसपेन्सिल घ्यायला गेलो होतो. सुताराला कानावर पेन्सिल लागते. तिथं एक पुस्तक टांगलेलं. विमानांचं. म्हटलं, धाकट्याला नेऊ, चित्रं बघेल. नेलं. त्यानं हातात घेतलं. उघडलं. मागून उघडलं, बरं का! आणि एकदम ताठ झाला. म्हटलं, काय झालं? "जेटच्या नाकावर पंखा लावलाय!" आणि मग जे सुरू झालं! "रद्दी! निव्वळ रद्दी! कुणी आणलं हे? दादा, तू आणलंस? तुला किती वेळा सांगितलं, पुस्तक घेताना मला विचारत जा! तू लाकूड बघून घेतोस ना, वाळलंय का, गाठी किती आहेत? मग पुस्तक का बघत नाहीस?"

दादा म्हणाला. ऐकलंत ना? दादा!

त्याची बायको स्वयंपाकघरातून धावत आली, हात तसेच ओले. तिला म्हणाला, "अगं, दादाला पाणी तरी दिलंस का? किती वेळ बसलाय तो." आणि मला विचारतो, गुडघा कसा आहे? अख्खी संध्याकाळ तो होता. म्हणजे तोच, स्वतः. जेवला, मला दोनदा झापलं, माझ्या फळीचा एक कोपरा गुण्यात नाही म्हणाला, आणि खरंच नव्हता! मी शिव्या खात होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू... सकाळी गेलो, तर "अहो, या, बसा ना."

पण मला रस्ता सापडला! सोपं आहे. ह्याला वाईट पुस्तक दाखवायचं. वाईट पुस्तक दिसलं की राग, आणि राग आला की धाकटा येतो!

आता तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? घरात एवढी पुस्तकं. अहो, तीच तर अडचण! घरात एकूण एक चांगली! जन्मभर वेचून वेचून वाईट ती बाहेर टाकली ह्यानं, राहिली ती सगळी 'ठेव'ची. मी एकेक काढून त्याच्यापुढे वाचायचो, अक्षर लावत लावत, बोट फिरवत. हा ऐकायचा. शांत. मान हलवायचा. थोड्या वेळानं घोरायचा. कारण चूकच नाही ना त्यात! चूक नाही म्हणून राग नाही, राग नाही म्हणून धाकटा नाही. आपल्याच घरात एक धड वाईट पुस्तक ठेवलं असतं त्यानं, तर काय बिघडलं असतं?

मग मी निघालो शोधायला. आणि तुम्हाला सांगतो, मनासारखं वाईट पुस्तक मिळणं सोपं नाही!

पुलाखाली एक जुन्या पुस्तकांचा दुकानदार बसतो. त्याला म्हटलं, "लढाऊ विमानांच्या इतिहासावरचं संदर्भाचं पुस्तक दाखव." खूश झाला. "आहे ना काका, एकदम चांगलं!"

"चांगलं नको. वाईट दाखव."

"वाईट म्हणजे... पानं सुटलेली?"

"पानं धड पाहिजेत. आतलं वाईट पाहिजे."

माझ्याकडे बघतच राहिला. "काका, आपण असला माल ठेवत नाही."

"अरे, एवढ्या ढिगात एक वाईट नाही? काय दुकान चालवतोस!"

नाइलाजानं एक काढून दिलं. मी उघडलं. मागून. मागे ही लांबलचक यादी! फोटोखाली तारखा! आकृत्यांवर पट्टी ठेवली, तर तंतोतंत! मिटलं आणि त्याच्या अंगावर टाकलं. "काही कामाचं नाही." तो म्हणे, "काका, अहो प्राध्यापकाच्या घरातून आलंय!" म्हटलं, "म्हणूनच."

पण भला माणूस. हळूहळू त्याला गोडी लागली. लांबूनच हाक मारायचा, "काका, या! आलंय एक, भयानक आहे! तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय!" आणि खरंच, एकाच्या नावातच 'अजिंक्य' होतं. मला कळलं, हे चालणार. संध्याकाळी धाकट्यापुढे ठेवलं. "अजिंक्य? अजिंक्य होतं तर पाडलं कुणी? कावळ्यांनी?" आला! धाकटा आला! मी त्याच्या बायकोकडे बघितलं, तिनं माझ्याकडे, आणि ती गडबडीनं चहा टाकायला गेली. कारण वेळ फार नसायचा. तो आहे तोवर चहा व्हायला हवा.

तिचं आणि माझं पहिल्यांदा वाजलं होतं यावरून. ती म्हणाली, "दादा, कशाला हो चिडवता त्यांना? शांत बसले होते. तुम्ही चिडवून घरी जाता, मागे मी असते. रात्रभर कपाट उपसत बसतात." मी म्हटलं, "मग? बरंय की! कपाट उपसतोय म्हणजे आहे अजून." तर ती भांडी आवरायला आत गेली. मला काय, बोलता येतं तेवढं येतं. पुढच्या खेपेला मी रिकाम्या हातानं गेलो. कुठेच काही मिळालं नव्हतं, सगळीकडे चांगलंच. दार उघडलं तिनं, माझ्या हातांकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "नाही मिळालं?"

बघा म्हणजे. रागावला की तिला नावानं हाक मारायचा ना तो, एरवी तिलाही 'अहो'च.

आणि फसलोही. एकदा त्या दुकानदारानं एक बारकं पुस्तक दिलं, शिवण उसवलेली, कागद पिवळा, छपाई पुसट, चित्रं तर जवळजवळ नाहीतच. मी मनात म्हटलं, हे नक्की रद्दी, घरी जाऊन काय तपासायचं, आणि तसंच नेलं. धाकट्यानं पानं उलटली. एका ठिकाणी थांबला. मला वाटलं, आता! आता फुटेल! काही नाही. बोट ठेवलं आणि मला म्हणाला, "अहो, हे वाचा." मी अक्षर लावलं. त्या लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं, ह्या विमानाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. बस. एवढंच. धाकटा त्या ओळीवरून बोट फिरवत राहिला, मांजराच्या पाठीवरून फिरवावं तसं. म्हणाला, "ठेव." आणि पुस्तक छातीशी धरून झोपला. म्हणजे चांगलं निघालं! मी इतका चिडलो त्या दुकानदारावर! दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, "फसवलंस. चांगलं पुस्तक गळ्यात मारलंस." त्यानं कान पकडले.

मनासारखं वाईट पुस्तक मिळणं सोपं नाही हो!

आणि मग, तुम्हाला सांगतो, वाईट पुस्तकंही पुरेनाशी झाली. आधी गोल आकडा दिसला तरी उखडायचा. मग गोल आकड्यांवरून नुसतीच नजर जायला लागली, आकृती चुकलेली लागायची. मग आकृतीही चालेना. मी पट्टी त्याच्या हातात द्यायचो, "बघ, जुळते का बघ!" तो पट्टीची घडी घालून खिशात ठेवायचा. "रद्दी!"चं "रद्दी" झालं. मग "बरं नाही." मग "हं." जेटच्या नाकावरचा तो पंखा पुन्हा दाखवला, तर म्हणाला, "हवा चांगली येत असेल."

आमची ही म्हणाली, "आता पुरे करा." मी म्हटलं, "गप्प बस." मग रात्री पाय दाबता दाबता तीच म्हणाली, "ते वाचनालयातलं मोठं पुस्तक... ते नव्हतं का, भाऊजी ज्यावरून भांडले होते?"

अरे! खरंच की!

सगळ्यांत वाईट! वाईटांचा राजा! केव्हाचं ते तिथं, संदर्भाच्या कपाटात, काचेमागे, सोनेरी अक्षरं, उचलायला दोन माणसं. धाकट्यानं त्या काळी अर्ज केला होता, हे काढून टाका. तेव्हाचे ग्रंथपाल म्हणाले, "अहो, आमच्या वाचनालयाची शोभा आहे ती. पाहुण्यांना दाखवतो." धाकटा म्हणाला, "मग पाहुणेच बसवा इथं." आणि त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही त्यानं. पेपर वाचायलासुद्धा लांबच्या वाचनालयात जायचा, उन्हातान्हात चालत. असला राग! म्हटलं, हा राग खोल आहे. इथंवर आजाराचं पाणी पोचलं नसेल अजून.

आता संदर्भाचं पुस्तक बाहेर नेऊ देत नाहीत. मग धाकट्यालाच आत नेला. इस्त्रीचे कपडे घातले त्याच्या बायकोनं, भांग पाडून दिला. दारातून म्हणाली, "दादा, आल्यावर चहाच टाकते." मी म्हटलं, "टाक."

बसलो. लांब टेबल, वर पंखा कुरकुरतोय, समोर दोन म्हातारे पेपर तोंडावर धरून झोपलेले. ग्रंथपालबाईंनी ते धूड आणून ठेवलं, धप्पकन. "पानं हळू उलटा हं, आजोबा." मी मागून उघडलं. यादी नाही! देवा, शाबास! म्हटलं, "धाकट्या, बघ, यादी नाही."

तो म्हणाला, "कागद काय सुंदर आहे."

आकडे दाखवले. सगळे गोल. "छान." आकृत्या दाखवल्या. वरून बघितलं तर विमान लांब, बाजूनं बघितलं तर आखूड, म्हणजे एकाच पलंगावर डोक्याकडून झोपलं तर पाय बाहेर आणि पायाकडून झोपलं तर माणूस मावतो! "छान." मग मी ते पान काढलं ज्यासाठी तो भांडला होता. फोटो उलटा छापलेला. वैमानिकांचा सगळा ताफा ओळीत उभा आणि सगळेच्या सगळे डाव्या हातानं सलाम करतायत! तेव्हा केवढा ओरडला होता तो घरी येऊन, "अख्खं विमानदळ डावखुरं केलं मूर्खांनी!" मी पान त्याच्यापुढे सरकवलं. बोट ठेवलं. "बघ. नीट बघ. हात बघ त्यांचे."

त्यानं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग त्यानं आपला डावा हात उचलला, हळूहळू कपाळाला लावला आणि माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "किती छान आहे हो. घेऊ या का?"

आणि मग मला काय झालं, मला माहीत नाही. मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. "छान? छान कुठे आहे? रद्दी आहे ही! निव्वळ रद्दी! मागे यादी कुठाय? हे आकडे कुणी दिले ह्यांना? विमानं आहेत का अंडी? हा फोटो कुणी काढला, कधी काढला, उलटा का छापला? ही माणसं उजव्या हातानं सलाम करायची! ती मेली! त्यांची विमानं बुडाली! आता ती फक्त इथंच आहेत, आणि इथंही तुम्ही त्यांना..." पुढचं मला आठवत नाही. पेपरवाले म्हातारे जागे झाले होते. बाई धावत आल्या, "आजोबा, आवाज! आवाज!" मी म्हटलं, "बाई, हे चूक आहे!" त्या म्हणाल्या, "असेल चूक, पण हळू म्हणा ना!"

आणि तो शिपाई. दंडाला धरून. बाहेर.

पायऱ्यांवर बसलो. मागून धाकटा आला, एकेक पायरी बघत, आणि माझ्याशेजारी बसला. खिशातून रुमाल काढला, घडी उलगडून मला दिला. म्हणाला, "घाम पुसा. तुम्ही बरोबर बोललात. त्यांना कळत नाही." मग म्हणाला, "तुम्हाला विमानांतलं बरंच कळतं. असं कुणी भेटत नाही हो हल्ली बोलायला. माझा एक मोठा भाऊ आहे, फार भला माणूस, जीव लावतो. पण ह्यातलं त्याला काही समजत नाही. नुसत्या फळ्या ठोकून देतो बिचारा."

आता तुम्हीच सांगा, यावर काय म्हणायचं माणसानं? मी म्हटलं, "असतात काही माणसं तशी."

"नाही, पण तुम्ही एकदा भेटा त्याला," म्हणाला. "कडक आहे, पटकन बोलायचा नाही. पण तुम्हाला आवडेल. उद्या या ना घरी. तो येतो रोज."

म्हटलं, येतो.

घरी सोडला त्याला. बायकोला सांगत होता दारातूनच, "अहो, उद्या दादाशी ह्यांची गाठ घालून द्यायचीय." तिनं माझ्याकडे बघितलं. चहा टाकला होता तिनं. मी घेतला. गोड झाला होता, बोललो नाही.

तर उद्या जायचंय. मघाशी आमची ही विचारत होती, उद्या सदरा कोणता काढू? म्हटलं, चांगला काढ. पाहुणा म्हणून चाललोय.